पोरीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकू द्या, एनसीसीतही जाऊ द्या

 

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत दोन प्रश्न उभे राहतात. पोरीला पुढे शिकवायचं का? आणि शिकवायचं तर काय? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं : डी.एड., नाहीतर नर्सिंग, नाहीतर लग्न. आता पोरी नवीन शब्द घरी आणतात. एक म्हणते, मला मायक्रोबायोलॉजी घ्यायचंय. दुसरी म्हणते, मी एनसीसीत नाव देते. आई विचारते, म्हणजे काय गं? पोरीला नीट सांगता येत नाही, आईला नीट समजत नाही, आणि तेवढ्यात आजी म्हणते, काही नको, स्थळ बघा.

आमच्या गटातही हेच झालं. म्हणून आम्ही ठरवलं की आधी समजून घेऊ, मग हो की नाही ते बोलू. कॉलेजच्या शिक्षकांना विचारलं, शिकणाऱ्या पोरींना विचारलं, वाचता येणाऱ्या बायांनी वाचून दाखवलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी मायक्रोबायोलॉजी. मराठीत त्याला सूक्ष्मजीवशास्त्र म्हणतात. डोळ्यांना दिसत नाहीत अशा जिवांचा अभ्यास. त्यांत जिवाणू आले, विषाणू आले, बुरशी आली, यीस्ट आलं. आपल्याला वाटतं हे फार लांबचं काही आहे. पण आपल्या घरात ते रोज काम करतं. दुधात चमचाभर विरजण घालतो आणि सकाळी दही होतं, ते जिवाणूंचं काम. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, त्याला आंबूस वास येतो, तेही त्यांचंच काम. तुरीचं रोप उपटलं तर मुळांना बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. कृषी केंद्रातून बियाण्याला चोळायला जिवाणू खताचं पाकीट आणतो, त्यात हेच असतात.

हे जीव वाढतात कसे, तेही ऐका. चांगलं ऊबदार वातावरण आणि खायला मिळालं, तर ई. कोलाय नावाचा जिवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे तासाभरात एकाचे आठ. सात तासांत एकाचे वीस लाखांवर. आता सांगा, सकाळी केलेला भात उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत उघडा ठेवायचा का? ही गोष्ट घरातल्या एका मुलीला कळली तर सगळं घर आजारपणातून वाचतं.

तीन वर्षं पोरी काय शिकतात, तेही आम्ही विचारलं. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू बघायचे, रंग देऊन ओळखायचे, काचेच्या बशीत वाढवायचे. पाणी, दूध, माती तपासायची. भांडी निर्जंतुक करायला त्यांच्याकडे एक मोठं यंत्र असतं. त्यात वाफेच्या दाबाखाली १२१ अंश उष्णता पंधरा मिनिटं देतात. मास्तर म्हणाले, तुमच्या घरातला कुकर असतो ना, त्याचीच ही मोठी बहीण. आम्हाला हसू आलं, पण बरंही वाटलं.

त्या काचेच्या बशीचीही एक गोष्ट आहे. जर्मनीत १८८१ च्या सुमाराला रॉबर्ट कॉख नावाचे मोठे शास्त्रज्ञ जंतूंवर काम करत होते. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरायचे, पण उन्हाळ्यात ते वितळून जायचं. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका डॉक्टरांची बायको होती, फॅनी हेसे. तिने नवऱ्याला सुचवलं की समुद्री शेवाळापासून मिळणारं अगर वापरून बघा. ती घरी जेली करायला तेच वापरायची, आणि ते उन्हाळ्यातही वितळत नसे. तेव्हापासून आजपर्यंत जगभरातल्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. म्हणजे या शास्त्राचा एक मोठा खांब स्वयंपाकघरातून आलेला आहे. तेव्हा, बाईच्या डोक्यात हे शास्त्र कुठे शिरणार, असं कोणी म्हणालं तर ही गोष्ट सांगा.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. फेब्रुवारी २००६ आठवतो का? नवापूरला कोंबड्या पटापट मरायला लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि कळलं की हा बर्ड फ्लू आहे. भारतात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापुरात. सगळ्या देशाचं लक्ष इकडे लागलं. पोल्ट्रीतल्या आणि घरोघरच्या मिळून लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अंगभर पांढरे कपडे, तोंडाला मास्क लावलेली माणसं गावात फिरताना पाहून लेकरं रडत होती. अंगणातल्या चार कोंबड्या म्हणजे बाईची स्वतःची कमाई. मीठमिरचीचा पैसा त्यातून निघतो. ती कोंबडी धडधाकट दिसते आणि कोणी येऊन म्हणतं, ही द्या, मारायची आहे. कोणाचं मन तयार होईल? त्या वेळी देशात एकाही माणसाला त्या रोगाची लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. पण पोल्ट्रीवर जगणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. आणि २०२१ मध्ये तोच रोग पुन्हा नवापुरात आला.

या घटनेतून आम्हाला दोन गोष्टी समजल्या. एक, रोग कशाने होतो हे ओळखणारं माणूस लागतं. दुसरी, ते लोकांना पटवून देणारं, घाबरलेल्या गावापुढे उभं राहून, तुम्ही हे करा, तुम्ही ते करा, असं शांतपणे सांगणारं माणूसही लागतं. पहिलं काम शास्त्राचं. दुसरं काम पुढारपणाचं. शास्त्र येतं पण चारचौघांत तोंड उघडत नाही, तर ते ज्ञान वहीतच राहतं. तोंड उघडतं पण माहिती नाही, तर अफवा पसरतात. दोन्ही एकाच माणसात असलं तर गावाचं भलं होतं. आणि ते माणूस आपल्या भाषेत बोलणारी, आपल्याच पाड्यावरची पोर असली तर आणखी काय हवं?

हे पुढारपण शिकवतं कोण? इथे एनसीसी येते. राष्ट्रीय छात्र सेना. १९४८ साली कायदा करून ती सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलींचा विभाग निघाला. म्हणजे पोरींनी एनसीसीत जाणं हे काही आजचं फॅड नाही. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली.

एनसीसीत काय शिकवतात? पहाटेची कवायत, शिस्त, नकाशा वाचणं, प्रथमोपचार, आग किंवा पूर आला तर काय करायचं, चार माणसांची तुकडी कशी चालवायची. छोट्या रायफलीने नेम धरायलाही शिकवतात. एका शिकणाऱ्या पोरीने आम्हाला सांगितलं की सगळ्यात अवघड गोष्ट रायफल नव्हती. सगळ्यात अवघड होतं ते मैदानात तुकडीपुढे उभं राहून मोठ्या आवाजात हुकूम देणं. आम्ही म्हटलं, बरोबरच आहे. लहानपणापासून आपण पोरीला काय सांगतो? हळू बोल, खाली बघ, मोठ्याने हसू नको. मग तिचा आवाज निघणार कुठून?

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. हुकूम देण्याआधी हुकूम ऐकायला शिकवतात. स्वतःचे बूट, स्वतःचं अंथरूण, स्वतःची वेळ आधी सांभाळायची, मगच दुसऱ्याला सांगायचं. गटाची अध्यक्ष निवडताना आपणही हेच बघतो ना? जिचा स्वतःचा हप्ता वेळेवर, तिचंच बाकीच्या ऐकतात.

आता एक गैरसमज काढून टाकू. एनसीसीत गेलं म्हणजे सैन्यात जावंच लागतं, असं नाही. कोणी जबरदस्तीने सीमेवर पाठवत नाही. हे शिक्षणाबरोबरचं प्रशिक्षण आहे. ज्यांना सैन्यात जायचं त्यांना वाट मोकळी होते, बाकीच्यांना अंगात आलेली शिस्त आणि हिंमत जन्मभर पुरते. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानेही एनसीसीला पदवीच्या अभ्यासात ऐच्छिक विषय म्हणून घ्यायला मान्यता दिली आहे.

तुम्ही म्हणाल, जंतूंचा आणि सैन्याचा संबंध काय? फार जुना आहे. १८५४ साली क्रिमियाचं युद्ध चालू होतं, तेव्हा गोळी लागून मेलेल्यांपेक्षा रोगाने मेलेले सैनिक कितीतरी जास्त होते. पटकी, जुलाब, ताप. घाण पाणी आणि घाण जागा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच दवाखान्यांत काम करत होत्या. तेव्हापासून सैन्याला कळलं की पाणी स्वच्छ नसेल तर बंदूक काही कामाची नाही.

आपल्या महाराष्ट्रातलीच उदाहरणं घ्या. पुण्यात १९४८ पासून सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर लहान मुलांच्या डॉक्टर झाल्या आणि २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल या पदापर्यंत पोहोचल्या. सैन्यदलांत त्या पदावर पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. त्यांचे पतीही लेफ्टनंट जनरल होते. पुढे २०२१ मध्ये त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. दुसऱ्या आहेत मीनल दाखवे-भोसले. कोरोना आला तेव्हा पुण्याच्या मायलॅब कंपनीत त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन साधारण सहा आठवड्यांत कोरोना तपासायचा संच तयार केला. तेव्हा त्या गरोदर होत्या. मार्च २०२० मध्ये संच तपासणीसाठी सोपवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. सोबतच्या माणसांना घेऊन, वेळेत, दडपणाखाली काम पुरं करणं, हेही पुढारपणच.

आणि आपल्या नंदुरबारचे त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड आठवा. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या आदिवासी घरातले, आईच्या कष्टावर शिकून आधी डॉक्टर आणि मग जिल्हाधिकारी झाले. कोरोनाची पहिली लाट ओसरत होती, सगळे निवांत झाले होते, तेव्हा त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे करायला घेतले. दुसऱ्या लाटेत मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनवाचून माणसं तडफडली, तेव्हा नंदुरबारचं नाव देशभर चांगल्या कामासाठी घेतलं गेलं. रोगाची चाल ओळखायची आणि आधीच तयारी करायची. ज्ञान आणि पुढारपण एकत्र आलं की असं होतं.

आता पोटापाण्याचं बोलू, कारण आई म्हणून आपला पहिला प्रश्न तोच असतो. शिकून काय मिळणार? खरं तेच सांगतो. नुसती पदवी हातात पडली की नोकरी दारात येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांना दूध डेअरी, औषध कंपन्या, खाद्यपदार्थांचे कारखाने, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा इथे काम मिळू शकतं, पण बऱ्याचदा त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागतं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं तर बहुतेक ठिकाणी वेगळा डीएमएलटीचा अभ्यासक्रम मागतात. शिक्षिका किंवा संशोधक व्हायचं तर पुढे एम.एस्सी. करावं लागतं. हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर पोरीला बोल लावायची वेळ येत नाही.

एनसीसीच्या बाजूने काय? तिथे 'बी' आणि 'सी' अशी प्रमाणपत्रं मिळतात. 'सी' सगळ्यात वरचं, ते तिसऱ्या वर्षापर्यंत होतं. पदवीला किमान ५० टक्के, 'सी' प्रमाणपत्रात निदान 'बी' श्रेणी, वय १९ ते २५ आणि अविवाहित, अशा मुलीला सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीच्या फेरीपर्यंत जाता येतं. ही मुलाखत पाच दिवस चालते. निवड झाली तर चेन्नईला प्रशिक्षण. मुलींच्या जागा थोड्याच असतात आणि चुरस मोठी असते, तेही लक्षात ठेवा. पण दार उघडं आहे. १९९२ पासून वैद्यकीय शाखांबाहेरही महिला सैन्यात अधिकारी होत आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायमस्वरूपी नोकरीचा हक्क दिला. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ मध्ये पहिल्यांदा मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या.

आणि समजा, पोर सैन्यात गेली नाही, कंपनीत गेली नाही, गावातच राहिली. तरी फुकट गेलं का? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. मग ग्रामपंचायतीला सांगायचं, विहिरीत टीसीएल पावडर टाका. बाटली काळी झाली हे बघणं सोपं आहे. ग्रामसभेत उठून सगळ्यांसमोर ते सांगणं अवघड आहे. पोरीला दोन्ही आलं, तर पावसाळ्यात पाड्यावर जुलाबाची साथ पसरायच्या आधीच थांबू शकते.

आता अडचणी. आमच्या गटात या विषयावर तीन बैठका झाल्या आणि आवाजही चढले.

पहिली अडचण शिबिराची. एनसीसीत साधारण दहा दिवसांचं शिबिर असतं, घराबाहेर. एक मावशी म्हणाल्या, दहा दिवस पोर परक्या ठिकाणी? लोक काय म्हणतील? भीती खोटी नाही. म्हणून आम्ही ठरवलं की विचारायचं. शिबिर कुठे आहे, मुलींची राहायची सोय वेगळी आहे का, सोबत बाई अधिकारी किंवा बाई शिक्षिका कोण, फोन कोणत्या वेळी करता येईल. आईला हे विचारायचा हक्क आहे आणि नीट उत्तर देणं त्यांचं काम आहे. उत्तर समाधानकारक मिळालं तर मग लोक काय म्हणतील याला फार किंमत द्यायची नाही. ऊसतोडीला आपण कोवळ्या पोरींना सहा-सहा महिने परमुलखात नेतो, तेव्हा लोक काही म्हणत नाहीत.

दुसरी अडचण लग्नाची. पदवीची वर्षं म्हणजे नेमकी स्थळं यायची वर्षं. कायद्याने १८ वर्षांआधी लग्न लावणं गुन्हा आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. पण अठरा लागले की लगेच लावावं, असं काही कायद्यात लिहिलेलं नाही. सैन्याची वाट तर अविवाहित मुलीलाच आहे. तीन वर्षं थांबलं तर स्थळ जात नाही. कॉलेज सुटलं तर परत येत नाही.

तिसरी अडचण पैशाची. आदिवासी मुलींना शासनाची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम योजनेतून राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. त्यासाठी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला जोडलेलं आधार लागतं. कागद निकालानंतर नव्हे, अकरावीतच गोळा करायला घ्या. पण पैसा खात्यात यायला उशीर होतो, आणि पोरीचं शिक्षण सुटतं ते नेमकं त्या मधल्या काळात. बसभाडं नाही, वही नाही, खोलीचं भाडं नाही.

इथे आमच्या गटात मोठा प्रश्न आला. आपण शेळीसाठी कर्ज देतो, पेरणीसाठी देतो, लग्नाच्या मांडवासाठीही देतो. पोरीच्या कॉलेजसाठी कधी दिलं? कोणी म्हणालं, शेळी विकून पैसे परत येतात, पोरीचं काय? तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या बाई बोलल्या, ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही. त्या म्हणाल्या, मांडव दोन दिवसांत उतरतो, त्याचं कर्ज आपण तीन वर्षं फेडतो. मग तीन वर्षांच्या शिक्षणाला का भ्यायचं? त्यानंतर कोणी बोललं नाही. ठराव झाला. शिष्यवृत्ती येईपर्यंत गटातल्या मुलीला कमी व्याजाने उचल द्यायची, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की ती परत करायची.

भगिनींनो, आपल्या खानदेशच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्यांनी जे रचलं ते दुसऱ्यांनी लिहून घेतलं. म्हणून आपण शिकलो नाही, याची लाज बाळगायचं कारण नाही. फक्त पोरीच्या आड यायचं नाही.

आता जाता जाता चार कामं सांगतो. पहिलं, कॉलेजात जाऊन स्वतः विचारा : सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय आहे का, प्रयोगशाळा सुरू आहे का? सगळ्या कॉलेजांत तो नसतो. आणि बारावीला जीवशास्त्र घेतलेलं लागतं, म्हणून दहावीनंतरच विचार करा. दुसरं, एनसीसी आहे का, मुलींना किती जागा, निवड कधी? ती पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते, धावायला लावतात. पोरीला उन्हाळ्यातच पळायची सवय लावा, आणि सकाळी पळताना कोणी हसलं तर तिच्यासोबत आपणही जा. तिसरं, कागदपत्रं आधी काढा. चौथं, हा विषय आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत काढा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेलं राहतं.

आमचं बोलणं पटलं असेल तर आज रात्री जेवताना पोरीला एवढंच विचारा, तुला काय शिकायचंय? आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.